मुदत टळली म्हणजे टीडीएस बुडाला का?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. वडील एसटीत होते, ते २०१९ मध्ये वारले. त्यांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आईच्या नावावर आले, ते आम्ही गावातल्या बँकेत मुदत ठेवीत ठेवले. वर्षाला साधारण १ लाख ८० हजार रुपये व्याज येतं आणि महिन्याला २,४०० रुपये कुटुंब पेन्शन. तिचं उत्पन्न एवढंच. टॅक्स लागतच नाही म्हणून आम्ही कधी रिटर्न भरलं नाही. परवा पासबुक भरून घेतलं तेव्हा व्याजातून दर तिमाहीला काही रक्कम वजा होत आलेली दिसली. बँकेत विचारलं तर म्हणाले, 'तो टीडीएस आहे, रिटर्न भरून परत घ्या.' २०२०-२१ पासून २०२४-२५ पर्यंत पाच वर्षं हेच चाललंय. ओळखीतले एक जण म्हणतात, मुदत गेली, ते पैसे आता सरकारजमा झाले. दुसरे म्हणतात, 'अपडेटेड रिटर्न' भरा, चार वर्षांपर्यंत चालतं. यातलं खरं काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही खरं नाही. पैसे सरकारजमा झालेले नाहीत आणि अपडेटेड रिटर्न भरून ते मिळणारही नाहीत. मार्ग तिसराच आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात कागदपत्रांची खटपट आहे आणि निकाल अधिकाऱ्याच्या हातात असतो. पण तुम्ही लिहिलेली हकिगत तशीच असेल, तर तुमच्या आईंनी तो मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी रक्कम किती ते पाहू. बँक मुदत ठेवीच्या व्याजावर कलम १९४ए खाली १० टक्के कापते. १ लाख ८० हजारांवर ते १८ हजार होतात. २०२०-२१ मध्ये मात्र १३,५०० च्या आसपास आकडा दिसेल. ती बँकेची चूक नाही. कोविडच्या काळात १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ या मुदतीसाठी सरकारने हा दर साडेसात टक्क्यांवर आणला होता. एक वर्ष साडेतेरा हजार आणि चार वर्षं अठरा-अठरा हजार, म्हणजे एकूण ८५,५०० रुपये. महिन्याला २,४०० रुपये पेन्शन मिळणाऱ्या बाईसाठी ही जवळजवळ तीन वर्षांची पेन्शन आहे. म्हणूनच 'जाऊ द्या, किती खटपट करायची' हा सल्ला मला पटत नाही.

आता त्यांना कर खरंच लागत नव्हता का, हे तपासू. कुटुंब पेन्शन 'इतर उत्पन्ना'त धरतात, पगारात नाही. तिच्यातून एक तृतीयांश किंवा १५ हजार, यातलं जे कमी असेल ते वजा होतं. वर्षाच्या २८,८०० मधून ९,६०० गेले की उरतात १९,२००. व्याज मिळवून एकूण १ लाख ९९ हजार २००. साठी ओलांडलेल्यांना जुन्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत कर नाही, आणि नव्या प्रणालीतली मर्यादासुद्धा या वर्षांत कधी अडीच लाखांच्या खाली नव्हती. म्हणजे कोणत्याही वर्षी, कोणत्याही प्रणालीत कर शून्य. कापलेली सगळीच्या सगळी रक्कम त्यांची आहे.

लोकांचा मोठा गोंधळ इथेच होतो. टीडीएस कापला गेला म्हणजे कर भरला गेला, असं ते समजतात. तसं नाही. टीडीएस ही कराच्या अंदाजापोटी आगाऊ घेतलेली उचल आहे. खरा कर किती, हे वर्ष संपल्यावर रिटर्नमधून ठरतं. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येणार नाही, असं राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं. जिथे कर देणंच लागत नाही, तिथे ही रक्कम सरकारकडे राहण्याला आधार कुठला? परताव्याच्या हक्काचं मूळ इथे आहे. बाकीचे सगळे नियम तो हक्क कसा आणि कधी मागायचा, एवढ्यापुरते आहेत.

वेळेत रिटर्न भरायची तारीख सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. ती हुकली तर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं आणि त्यातही परतावा मिळतो. उशिराचं शुल्क ५ हजार रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. ज्यांचं उत्पन्न करमर्यादेच्याच खाली आहे आणि ज्यांच्यावर रिटर्न भरण्याचं बंधन नाही, त्यांना हे शुल्क लागत नाही. तुमच्या आईंवर हे बंधन नव्हतं. ज्येष्ठ नागरिकांचा वर्षाचा टीडीएस ५० हजारांवर गेला तर उत्पन्न कमी असूनही रिटर्न भरावं लागतं, पण त्यांचा तेवढा नाही.

नव्या आयकर कायद्याच्या मसुद्यात काय घडलं, हेही या निमित्ताने सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत आलेल्या विधेयकात परतावा हवा असेल तर रिटर्न मूळ मुदतीतच भरलं पाहिजे, अशी अट होती. ती राहिली असती तर ऑगस्टमध्ये रिटर्न भरणाऱ्या माणसाचाही परतावा गेला असता. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ती गेली. हा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. तुमच्या पाचही वर्षांना मात्र १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे पुढे येणारी कलमं त्या कायद्यातली आहेत.

तुमच्या शेवटच्या वर्षाचीसुद्धा, म्हणजे २०२४-२५ ची, उशिराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आता सरळ रिटर्न भरून परतावा मागता येत नाही.

अपडेटेड रिटर्नबद्दल तुमचे दुसरे ओळखीचे अर्धं बरोबर सांगतात. कलम १३९(८ए) खाली ते भरता येतं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्याची मुदत आकारणी वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षापुढचं वर्ष, संपल्यापासून चार वर्षं झाली आहे. पण ही सोय उत्पन्न दाखवायचं राहून गेलेल्यांनी जादा कर भरून ते दाखवावं, यासाठी आहे. ज्या रिटर्नमधून परतावा निघतो, परतावा वाढतो किंवा कर कमी होतो, ते या कलमाखाली चालतच नाही. तरीही दर महिन्याला कोणी ना कोणी हा सल्ला घेऊन येतो, म्हणून ठळकपणे सांगतो : परताव्यासाठी अपडेटेड रिटर्नच्या वाटेला जाऊ नका.

राहिला तिसरा मार्ग. कलम ११९(२)(बी). मुदत काटेकोर पाळल्याने एखाद्याला खरीखुरी अडचण सोसावी लागत असेल, तर उशीर माफ करून त्याचा अर्ज गुणदोषांवर निकाली काढण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. सीए लोक याला 'कंडोनेशन' म्हणतात. आपण विलंबमाफी म्हणू. ती कशी द्यायची याचे नियम केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या ११/२०२४ या परिपत्रकात आहेत. वर्षाला १ कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांचे सगळे अर्ज त्यांच्याकडेच जातात.

यातली काळजीची गोष्ट मुदतीची आहे. संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज झाला पाहिजे. २०१५ च्या जुन्या परिपत्रकात ही मुदत सहा वर्षं होती. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून 'सहा वर्षं' दिसतं, त्यावर विसंबू नका. हिशेब असा करायचा : २०२०-२१ मध्ये मिळालेल्या व्याजाचं आकारणी वर्ष २०२१-२२. ते ३१ मार्च २०२२ ला संपलं. त्यापुढे पाच वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०२७. २०२१-२२ च्या व्याजासाठी ३१ मार्च २०२८, आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एकेक वर्ष पुढे. तुमची पाचही वर्षं या मुदतीत बसतात. ३१ मार्च २०२६ नंतर ज्यांनी विचारलं, त्यांचा २०१९-२० चा टीडीएस मात्र या परिपत्रकाच्या मुदतीबाहेर गेला.

मुदतीशिवाय आणखी काही अटी आहेत. कापलेला कर त्या वर्षाच्या देय करापेक्षा जास्त असला पाहिजे; तुमचा आहे. माफी मिळून आलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही. वेळेत रिटर्न भरणाऱ्याला सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, त्यावर तुम्हाला पाणी सोडावं लागेल. आणि तिसरी अट जरा थांबून वाचा, कारण मध्यमवर्गीय घरांत नेमकी तिथेच अडचण निघते : ज्या उत्पन्नावर कर कापला, ते दुसऱ्या कोणाच्या नावे करपात्र असता कामा नये.

आपल्याकडे निवृत्त झालेला नवरा फंडाची रक्कम बायकोच्या नावावर ठेवीत टाकतो. हेतू चांगला असतो, आपल्या माघारी तिला वणवण नको. पण नवरा हयात असेपर्यंत त्या ठेवीचं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, ठेव कोणाच्याही नावावर असो. अशा बाईने 'माझं उत्पन्न मर्यादेखाली आहे' म्हणून परतावा मागितला, तर अधिकारी विचारणार की पैसे कोणाचे होते. तुमच्या आईंचं तसं नाही. वडील गेल्यानंतर नामनिर्देशनाने आणि वारसाहक्काने पैसे त्यांना मिळाले, त्या मालक झाल्या, आणि व्याज सर्वस्वी त्यांचं आहे. हे सिद्ध करणारे कागद आजच शोधून ठेवा : वडिलांचा मृत्यूचा दाखला, भविष्य निर्वाह निधीच्या अंतिम देण्याचं पत्र, ग्रॅच्युइटीचं पत्र, आणि ते पैसे आईंच्या खात्यात जमा झाल्याचं पासबुकाचं पान.

ठेव संयुक्त नावावर असेल तर पहिलं नाव कोणाचं आहे तेही बघा. टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर पडतो. मुलाचं नाव पहिलं असेल तर परताव्याचा विषयच वेगळा होतो.

अर्जाआधी एक काम न चुकता करा. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर आईंच्या पॅनने लॉगिन करून प्रत्येक वर्षाचं २६एएस उतरवून घ्या. त्यात बँकेचं नाव, तिचा टॅन क्रमांक, कलम १९४ए, प्रत्येक तिमाहीची तारीख, दिलेलं व्याज आणि जमा केलेला कर अशा ओळी दिसतील. प्रत्येक ओळीसमोर एक इंग्रजी अक्षर असतं. 'एफ' असेल तर ती नोंद अंतिम आहे, रक्कम सरकारकडे पोचली आणि जुळली. 'यू' असेल तर बँकेचा भरणा आणि तिचं विवरण जुळलेलं नाही. तेव्हा आधी बँकेच्या शाखेत जाऊन दुरुस्ती करून घ्यावी लागेल. आणि पासबुकात कापलेली रक्कम २६एएसमध्ये दिसतच नसेल, तर बँकेने चुकीच्या पॅनवर भरली असण्याची शक्यता आहे. वडिलांच्या जुन्या ग्राहक क्रमांकाला जोडून ठेव केली असेल तर हे हमखास होतं. आयकर विभाग पासबुक पाहून पैसे देत नाही, त्याच्या लेखी २६एएस प्रमाण. बँकेकडून पाचही वर्षांचे टीडीएसचे १६ए दाखलेसुद्धा घ्या. ते देणं बँकेवर बंधनकारक आहे.

दुसरं, पॅन आधारशी जोडलेलं आहे ना? आईंचं वय ७१ आहे, त्यामुळे सूट नाही. ती ८० वर्षं आणि त्यापुढच्यांना आहे. जोडलेलं नसेल तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय धरलं जातं, परतावा अडतो आणि बँक १० ऐवजी २० टक्के कापते. २०२३-२४ पासून पासबुकात कपात एकदम दुप्पट झालेली दिसली तर कारण हेच समजा. १ हजार रुपये शुल्क भरून ते जोडता येतं. ज्या खात्यात परतावा यायचा, ते खातंही पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवा.

आता अर्ज. पोर्टलवर सेवांच्या यादीत 'कंडोनेशन रिक्वेस्ट' आहे, त्यात मुदत टळल्यानंतर आयटीआर भरू देण्याचा पर्याय निवडायचा. प्रत्येक वर्षाचा अर्ज वेगळा, म्हणजे तुमचे पाच. सरकारी शुल्क काही नाही. अर्जाची आणि कागदांची एक छापील प्रत आईंच्या पॅनवर ज्या आयुक्तांचं अधिकारक्षेत्र आहे, त्यांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली तर पाठपुरावा सोपा जातो.

सगळा भर उशिराच्या कारणावर असतो. 'नियम माहीत नव्हता' एवढं एक वाक्य लिहून सोडू नका. ते खोटं नसतं, पण त्याच्या आधारे अधिकाऱ्याला आदेश लिहिता येत नाही. त्याला घटनाक्रम लागतो. तुमच्या बाबतीत मी साधारण असं लिहीन : अर्जदार ७१ वर्षांच्या विधवा असून त्यांचं करपात्र उत्पन्न नसल्याने त्यांच्यावर रिटर्न भरण्याचं बंधन कधीच नव्हतं. पती हयात असताना घरचे आर्थिक व्यवहार तेच पाहत. पतीच्या निधनानंतर, अमुक तारखेला, मिळालेले पैसे ठेवीत ठेवले. बँकेने कर कापल्याची माहिती पासबुकातून अमुक तारखेला झाली. त्यानंतर अमुक दिवसांत २६एएस आणि १६ए दाखले मिळवून हा अर्ज करीत आहे. पाचही वर्षांचा देय कर शून्य आहे, हिशेब सोबत जोडला आहे. एवढं पुरे. मधल्या काळात आजारपण, शस्त्रक्रिया, घरातला आणखी एखादा मृत्यू असं काही खरंच झालं असेल तर ते तारखेसह लिहा आणि रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जोडा. झालं नसेल तर मात्र डॉक्टरचा खोटा दाखला जोडायच्या भानगडीत पडू नका. कागद पडताळले जातात, आणि एका खोट्या दाखल्यामुळे खरा दावाही जातो.

न्यायालयाच्या निकालांचा आधार हवा असेल तर तोही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सीतलदास मोटवानी यांच्या प्रकरणात ११९(२)(बी) मधल्या 'खऱ्या अडचणी'चा अर्थ उदारपणे लावायला सांगितलं आहे. त्याआधी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कातिजी प्रकरणात विलंबाबद्दल सगळ्याच न्यायालयांना मार्गदर्शन केलं होतं. उशीर करून पक्षकाराचा सहसा काही फायदा होत नसतो, आणि तांत्रिक कारण विरुद्ध खरा न्याय असा प्रश्न आला तर न्यायाला झुकतं माप द्यावं, असा त्याचा आशय आहे. तुमच्या आईंना उशिरामुळे मिळालं काय? पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून राहिले. अर्जात हा मुद्दा एका ओळीत जरूर मांडा.

परिपत्रकाप्रमाणे अर्ज ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याअखेरपासून शक्यतो सहा महिन्यांत निकाली निघायला हवा. मधे खुलासा मागणारं पत्र आलं तर दिलेल्या तारखेच्या आत उत्तर द्या. पोर्टलवर आणि आईंच्या नोंदवलेल्या ईमेलवर लक्ष ठेवा; कित्येक अर्ज केवळ पत्र न पाहिल्यामुळे फेटाळले जातात. माफीचा आदेश आला म्हणजे परतावा मिळाला असं मात्र नाही. त्यानंतर त्या त्या वर्षाचं रिटर्न भरायचं, त्यात ११९(२)(बी) हे कलम निवडून आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकायची, आणि ३० दिवसांत आधार ओटीपीने ते पडताळायचं. ही शेवटची पायरी विसरली तर रिटर्न भरलं असं धरलंच जात नाही.

अर्ज फेटाळला तर? या आदेशावर कायद्यात अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण ८५ हजारांसाठी ती परवडत नाही. म्हणून पहिला अर्जच नीट, सगळ्या कागदांसह करायचा.

हे सगळं होईपर्यंत पुढची गळती थांबवा. २०२५-२६ चं रिटर्न ३१ जुलै २०२६ च्या आत भरा, तो परतावा सरळ मिळेल. आणि दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत '१५एच' भरून द्या. नव्या कायद्यात त्या फॉर्मचा क्रमांक काहीही असो, शाखेत या नावाने मागितला की मिळतो. अंदाजे कर शून्य असलेल्या ज्येष्ठांनी तो दिला की बँक कापतच नाही. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी एका बँकेतल्या व्याजाची टीडीएस-मुक्त मर्यादा ५० हजारांवरून १ लाख झाली आहे, पण आईंचं व्याज त्याहून जास्त आहे, तेव्हा फॉर्म हवाच. दोन बँकांत ठेवी असतील तर दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या. हा एका पानाचा कागद २०२० पासून दर एप्रिलमध्ये दिला गेला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. ठेव घेताना ग्राहकाचं वय समोर दिसत असतं; काउंटरवरच्या माणसाने तेव्हाच हा फॉर्म पुढे करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : वडील जानेवारी २०२३ मध्ये गेले. त्या वर्षी त्यांच्या पेन्शनवर आणि ठेवींवर कापलेला टीडीएस परत मागायचा राहिला. ते हयात नाहीत, तर मागणार कोण?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कायदेशीर वारस मागू शकतो. पोर्टलवर तुमच्या लॉगिनमधून मृत व्यक्तीचे वारस म्हणून नोंदणी करा. मृत्यूचा दाखला, वडिलांचं आणि तुमचं पॅन आणि वारसा सिद्ध करणारा दाखला लागेल. मंजुरी आली की त्यांच्या वतीने विलंबमाफीचा अर्ज आणि नंतर रिटर्न भरता येतं. वर्ष २०२२-२३, म्हणजे अर्जाची मुदत ३१ मार्च २०२९. त्यांच्या रिटर्नमध्ये फक्त मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न दाखवायचं. त्यानंतरचं व्याज वारसांचं, ते वारसांच्या रिटर्नमध्ये. ठेवी बराच काळ वडिलांच्याच नावावर चालू राहिल्या असतील तर बँकेला मृत्यूची तारीख कळवून व्याजाची आणि टीडीएसची फोड मागून घ्या.

प्रश्न : मी फोंड्याला राहतो, घरून डिझाइनची कामं करतो. दोन वर्षांपूर्वीचा माझा ३८ हजारांचा टीडीएस अडकला आहे. एक एजंट म्हणतो, रकमेच्या २० टक्के द्या आणि पोर्टलचा पासवर्ड द्या, बाकी मी बघतो. देऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : देऊ नका. पासवर्ड किंवा ओटीपी हातात असलेला माणूस तुमच्या नावाने खोट्या वजावटी दाखवून मोठा परतावा काढू शकतो, आपला वाटा घेऊन जातो, आणि वर्ष-दोन वर्षांनी नोटीस तुम्हाला येते. रिटर्न तुमच्या पडताळणीने भरलेलं असल्यामुळे जबाबदारीही तुमचीच राहते. व्यवसायाचं उत्पन्न असल्यामुळे हिशेबाला सीए गाठा, पण ठरावीक फी ठरवून. टक्केवारीवर काम करणाऱ्याला दाव्याचा आकडा फुगवण्यातच रस असतो. विलंबमाफीचा अर्ज पाठवण्यापूर्वी उशिराचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहा, सोबतचा प्रत्येक कागद स्वतः वाचा, आणि ओटीपी स्वतःच्याच हाताने टाका.